मजुरीचा वाद नेमका कोणाशी?

मागच्या महिन्यात गिझरच्या बिलावरून मी एका कंपनीशी भांडलो आणि ४१३ रुपये परत मिळवले. ही बातमी मोठ्या उत्साहाने मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. चूक तिथेच झाली.

आधी भांडण काय होतं ते सांगतो. गिझर पंधरा लिटरचा, सात वर्षं वापरलेला. चालू केला की घराची वीज जायची. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. त्यातले क्षार एलिमेंटवर बसतात, एलिमेंट तापून तापून तडकतं आणि करंट पाण्यात उतरतो. ईएलसीबी असेल तर वीज तुटते, नसेल तर आंघोळीला गेलेला माणूस जातो. म्हणून घरच्या घरी खटपट न करता कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. व्हिजिट चार्ज ३५० सांगितला. पुढचं विचारलं तर म्हणाले, "टेक्निशियन बघून सांगेल."

विशीतला मुलगा आला. टाकी रिकामी केली, खालची फ्लँज उघडली, एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट बदललं, आतला पांढरा थर खरवडून काढला. मॅग्नेशियमचा रॉड किती झिजलाय तेही दाखवलं. सव्वा तास लागला. काम चोख. मग मोबाइलवर बिल आलं. पार्टचे १२९० रुपये, त्यावर एमआरपी छापलेली, तक्रार नाही. लेबर मात्र तीन ओळींत: एलिमेंट बदलणे ४५०, थर्मोस्टॅट बदलणे ३५०, टाकी साफ करणे ६००. व्हिजिटसकट १७५०, वर अठरा टक्के जीएसटी. झाले २०६५.

आता बघा. थर्मोस्टॅट एलिमेंटच्या नळीतच बसलेला असतो. तो बाहेर काढल्याशिवाय एलिमेंट बदलताच येत नाही. टाकी उघडली एकदाच, नटबोल्ट काढले एकदाच, आणि मजुरी तीनदा? शिवाय यातला एकही आकडा काम सुरू होण्याआधी कोणी सांगितला नव्हता.

मी मुलाला विचारलं, "यातले तुला किती?" तो म्हणाला, "सर, एका कॉलचे १८०. पेट्रोल माझंच." आणि लगेच म्हणाला, "कम्प्लेंट करणार असाल तर माझं नाव घेऊ नका." लेबर या नावाखाली १४०० रुपये घेतले जातात आणि लेबर करणाऱ्याला १८०! बाकीचं कशाचं, हे बिलात कुठेच नाही.

तक्रारीत मी पहिलंच वाक्य लिहिलं की टेक्निशियनचं काम उत्तम आहे, त्याच्याकडून एक रुपयाही कापू नये. कंपनीने आधी दाद दिली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तेव्हा बारा दिवसांनी थर्मोस्टॅटची मजुरी जीएसटीसकट परत आली.

ग्रुपवर माशाअल्लाहचा पाऊस पडला. चौथ्या दिवशी नळाचं काम करणारा आमच्याच गल्लीतला एक भाई शाळेच्या फाटकापाशी थांबला होता. "सर, तुम्ही काय लिहिलंत? ५०० आधी ठरवले होते. काम झाल्यावर ३०० हातावर ठेवले. म्हणाले, सरांनी कंपनीकडून लेबर कमी करून घेतली, तू कोण मोठा? अर्ध्या तासाचे पाचशे कुठे असतात?"

तीनशे देणारे आमच्या मशिदीत पहिल्या सफेत बसतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस त्यांना अरबीत पाठ आहे. त्यांनी ती पाळलीही म्हणा. घाम वाळायच्या आत दिले, फक्त दोनशे कमी दिले.

मी भांडलो ते मजुरीशी नव्हे. न सांगितलेल्या, एकाच कामाच्या तीनदा लावलेल्या रकमेशी भांडलो. मजुरी आधी सांगावी, अशीही हदीस आहे. सूरह कससमध्ये मूसा अलैहिस्सलाम मदयनला कामाला राहतात तेव्हा करार आधीच स्पष्ट होतो: आठ वर्षं, आणि दहा केलीत तर तुमची खुशी. फिकहमध्येही उजरत माहीत असणं ही इजाऱ्याची अट आहे. ठरवायची राहून गेली, तर काम करणाऱ्याला उजरत-ए-मिस्ल, म्हणजे त्या कामाचा चालू दर द्यावा लागतो. देणाऱ्याच्या मर्जीवर काहीच सोडलेलं नाही. माझ्या बिलात ठरलंच नव्हतं, म्हणून मी बोललो. त्या भाईचे ५०० तर ठरले होते. ठरलेलं मोडणं ही घासाघीस नव्हे, हक मारणं आहे. पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, अशी हदीस बुखारीत आहे. हे जुम्याच्या बयानात ऐकून आपण मान डोलावतो आणि बाहेर येऊन रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून वाद घालतो.

आणि अर्ध्या तासाचं काय? त्या भाईला अर्धा तास लागला, कारण तो पंधरा वर्षं हेच करतोय. मला दोन दिवस लागले असते आणि वरच्या मजल्याचं पाणी खाली आलं असतं. डॉक्टर पाच मिनिटं तपासतो, तिथे आपण घड्याळ लावत नाही. माझी तासिका पस्तीस मिनिटांची. पगार मिनिटांवर मोजला तर मला चालेल का? घड्याळ काढतो ते फक्त ज्याचे हात काळे आहेत त्याच्यासमोर. कंपनीने छापील बिल पाठवलं की बहुतेक जण निमूट क्यूआर स्कॅन करतात, कारण तिथे भांडायला बारा दिवस लागतात. गल्लीतल्या माणसाशी दोन मिनिटांत जिंकता येतं. आपल्या वस्तीतली किती पोरं एसी, वायरिंग, नळ यांवर घर चालवतात! रोजगार नाही म्हणून परिषदा भरवायच्या आणि असलेल्या रोजगारातून दोनशे कापायचे.

माझी पोस्टही अर्धवट होती, हे कबूल. परत मिळालेला आकडा लिहिला आणि का मिळाला ते लिहिलं नाही. ती मी काढून टाकली आहे आणि तिच्या जागी हा लेख टाकतोय. माझ्यामुळे अडले म्हणून दोनशे रुपये मी त्या भाईला देऊ केले, तर तो घेईना. म्हणाला, "तुमच्याकडे काम केलं नाही, सर." त्यामुळे ते ज्यांच्याकडे बाकी आहेत त्यांच्याकडेच बाकी आहेत. ते या ग्रुपमध्ये आहेत.