पडद्यावरील अक्षरांचा पहिला हक्क

आमच्या आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्यानें यंदां "माझी संध्याकाळ" ह्या विषयावर निबंध लिहिला. त्याच्या मातोश्रींना लहानपणापासून ऐकूं येत नाहीं. सायंकाळीं दूरचित्रवाणीवर मराठी बातम्या लागल्या म्हणजे हा मुलगा त्यांच्याशेजारीं बसून खुणांनीं सर्व सांगतो, आणि मग त्याचा गृहपाठ रात्रीं उशिरां सुरू होतो. निबंधांतील एक वाक्य माझ्या मनांतून जाईना. पडद्याच्या तळाशीं इतकीं अक्षरें धांवतात, पण जें बोललें जातें तें त्यांत नसतें, असें त्यानें लिहिलें होतें.

हा प्रश्न जुना आहे, आणि अन्यत्र त्याचें उत्तरही सांपडलेलें आहे. अमेरिकेंत १६ मार्च १९८० पासून कर्णबधिरांसाठीं बोललेले शब्द पडद्यावर उमटविण्याची सोय झाली. तेथील चित्र ५२५ रेषांचें असे. त्यांपैकीं २१ वी रेषा प्रेक्षकास दिसत नसे. तिच्यावरून हीं उपशीर्षकें सांकेतिक रूपानें पाठवीत. जागा मोठी तुटपुंजी! चित्र दोन फेऱ्यांनीं रेखाटलें जाई व प्रत्येक फेरींत त्या रेषेवर दोनच अक्षरें मावत. म्हणजे एका फेरीच्या वाटेनें सेकंदाला सुमारें ६०. पुढें दुसऱ्या फेरीच्या वाटेनें कार्यक्रमाचें नांव, घड्याळाची वेळ, कार्यक्रम मुलांनीं पाहण्याजोगा आहे कीं नाहीं ह्याचा शेरा, अशा माहितीचीं पुडकींही जाऊं लागलीं. आणि अन्य भाषेंतील उपशीर्षकांची वाटही तीच होती.

मग आधीं कोणी जावें? त्या पुडक्यांची रचना मला फार आवडते. आरंभीं एक खूण, मग मजकूर, शेवटीं बेरजेचा ताळा. मध्येंच उपशीर्षक आलें तर पुडकें अर्ध्यावर थांबूं शके, आणि मागाहून "पुढें चालू" अशी खूण करून उरलेला मजकूर पोहोंचवी. कार्यक्रमाचें नांव क्षणभर उशिरां कळलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. निसटलेला शब्द मात्र वाचणाऱ्यास परत मिळत नाहीं.

आपल्या नागपुरांत केबलच्या अंकीय रूपांतराची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. आतां चित्र, ध्वनि व अक्षरें १८८ बाइटांच्या पुडक्यांत भरून घरीं येतात. अमेरिकेच्या त्या जुन्या रेषेच्या अक्षरमालेंत देवनागरी नव्हती. आतां अक्षरांचें चित्रच पाठवितां येतें. तेव्हां मराठीस जागा नाहीं ही सबब उरलेली नाहीं. कोणत्या कामास किती पुडकीं द्यावयाचीं हें प्रक्षेपण करणाराच ठरवितो, आणि माझा आक्षेप त्या ठरविण्यावर आहे.

थेट बातम्यांत चुका होतील व खर्च वाढेल, असें कोणी म्हणतील. चुका होतील हें खरें. परंतु भाव, जाहिराती आणि "ताजी बातमी" यांच्या पट्ट्या दिवसभर कोणीतरी लिहितच असतो. त्यांतही चुका असतात, आणि त्यामुळें त्या पट्ट्या कोणी बंद केल्याचें मीं पाहिलें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत श्रवणदोष असलेल्या भारतीयांची संख्या ५० लाखांहून अधिक भरली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत उपशीर्षकांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही कोणावर मेहेरबानी करण्याची गोष्ट नव्हे.

ज्यांस ऐकूं येतें त्यांचाही ह्यांत लाभ आहे. अहमदाबादच्या आय.आय.एम.चे प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनीं १९९६ मध्यें गाण्याचे शब्द गाण्याच्याच भाषेंत पडद्यावर दाखविण्याची कल्पना पुढें आणली, ती कच्च्या वाचकांचें वाचन सुधारावें म्हणून. "चित्रहार", "रंगोली" यांत ती वापरली गेली. पुढें झी टॉकीजवर कांहीं मराठी चित्रपटही मराठी अक्षरांसह दाखविण्यांत आले. आमच्या पांचवींतील अडखळत वाचणाऱ्या मुलांस याहून सोपा अभ्यास मी कोणता देऊं?

वाहिन्यांच्या संपादकांना पाठवावयाच्या पत्राचा मसुदा आठवीच्या मुलांनीं तयार केला आहे. सायंकाळच्या एका बातमीपत्रापासून आरंभ करावा, आणि उपशीर्षकांवर जाहिरातीची पट्टी येऊं देऊं नये, एवढीच त्यांत मागणी आहे. दुसरी मागणी त्या निबंधवाल्या मुलानें घालावयास लावली. पत्र शाळेच्या कचेरींत ठेविलें आहे. पालकांनीं येऊन वाचावें, आणि पटल्यास सही करावी.