‘आमच्यानंतर काय?’: मानसिक आजार, कायदा आणि दूरदेशीचे नातेवाईक

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर यांसारख्या दीर्घकालीन मानसिक आजाराची शुश्रूषा भारतात प्रामुख्याने घरातच होते आणि बहुतेकदा ती वयोवृद्ध आईवडिलांच्या खांद्यावर असते. अशा कुटुंबांच्या बैठकींत एक प्रश्न हमखास निघतो: ‘आमच्यानंतर काय?’ दुसरे अपत्य परदेशी स्थायिक झालेले असेल, तर या प्रश्नाला अधिकच धार येते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये महाराष्ट्राचा हा भार एकट्याने पेलू शकत नाहीत. शिवाय रुग्णालयातील उपचार काही आठवड्यांचे असतात. त्यानंतरची वर्षे घरात आणि शेजारात काढायची असतात. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, झोप बिघडली आहे का, माणूस बोलेनासा झाला आहे का, हे प्रथम डॉक्टरला नव्हे, तर सोबत राहणाऱ्याला कळते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याने या वास्तवाची काही अंशी दखल घेतली. प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे ‘आगाऊ निर्देशा’द्वारे लिहून ठेवता येते. साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो आणि तो रक्ताचा नातेवाईक असण्याची अट नाही. प्रतिनिधीला निदान व उपचारांची माहिती मागण्याचा, तसेच घरी पाठवण्याच्या नियोजनात सहभागी होण्याचा अधिकार आहे. मात्र त्याने निर्णय घ्यायचा तो स्वतःच्या सोयीने नव्हे, तर रुग्णाची इच्छा, जीवनानुभव आणि हित ध्यानात घेऊन. कायद्याचा गाभा हाच आहे: प्रतिनिधी हा मालक नसून आधार आहे.

परदेशस्थ नातेवाइकांची गफलत नेमकी येथे होते. खर्च उचलणारा भाऊ किंवा बहीण सहजच निर्णयकर्ता बनते. रुग्णाला न विचारता डॉक्टर बदलला जातो, फोनवरून सूचना दिल्या जातात आणि प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्यावर हिशेब देण्याची वेळ येते. तातडीच्या प्रसंगी मात्र दहा-बारा तासांच्या अंतरावरील माणूस रुग्णालयात पोहोचू शकत नाही. म्हणून प्रतिनिधी जवळ राहणारा आणि रुग्णाच्या विश्वासातला असणे श्रेयस्कर. दूरच्या भावंडाने अन्य कामे उचलावीत: आर्थिक तरतूद, कागदपत्रे, शुश्रूषा करणाऱ्याला वर्षातून काही आठवडे विश्रांती मिळेल अशी व्यवस्था आणि ठरल्या वारी रुग्णाशी थेट, आजाराव्यतिरिक्त विषयांवर संवाद. प्रकृती स्थिर असताना रुग्णासह सर्वांनी बसून कोणी काय करायचे हे ठरवले, तर संकटकाळी वाद घालण्याची वेळ येत नाही.

दूर राहूनही असे जाळे विणता येते, याचा दाखला मराठी समाजातच आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचे पाठबळ होते. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण ही त्याची कथा. महाराष्ट्रातील स्वमदत गटांनी रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि शुश्रूषा करणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रूढ केले. या शब्दांत दोघांचीही प्रतिष्ठा राखलेली आहे.

कायदा आणि संस्था यांना अर्थातच मर्यादा आहेत. कागदावरील प्रतिनिधी पहाटे तीनला दार उघडेलच असे नाही. त्यासाठी शेजारी, मित्र, समुपदेशक आणि गटातील अन्य शुभंकर यांच्याशी आधीपासून जुळलेले संबंध लागतात. मनःस्वास्थ्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे; पण ती जाळ्यातील एक धागा आहे, संपूर्ण जाळे नव्हे.

‘आमच्यानंतर काय?’ या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांच्या पश्चात शोधू लागणे म्हणजे फार उशीर करणे. ते असताना, आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्याला सोबत घेऊनच, ते शोधावे लागेल. परदेशी कुटुंबीयांची पुढची भारतभेट लग्नकार्याइतकीच या बैठकीसाठीही राखून ठेवण्याजोगी आहे.