स्टेपनी असावी की नसावी?

पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात आता बहुतेक घरांत चारचाकी आली आहे. कुणाची टोमॅटोच्या पैशातून, कुणाची मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या कर्जातून. नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या कुटुंबात हल्ली एक नवा वाद ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, या गाडीचे टायर रन-फ्लॅट आहेत. हवा गेली तरी गाडी चालते." अब्बा मागची डिकी उघडतात, खालचा पुठ्ठा उचलतात आणि विचारतात, "बेटा, ते ठीक आहे, पण स्टेपनी कुठाय?"

दोघांचेही बरोबर आहे. म्हणूनच या विषयाकडे जरा शांतपणे बघायला हवे.

आधी त्या शब्दाची गोष्ट. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक नसायचे. टायर फाटला की रस्त्याच्या कडेला बसून तो उतरवायचा, ठिगळ लावायचे आणि पुन्हा चढवायचा. १९०४ च्या सुमारास त्या रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. आऱ्या नसलेली रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेले चाक न काढता त्याच्या बाजूला ती रिम चिमट्यांनी आवळायची आणि घर गाठायचे. ती वस्तू मागे पडली, तिची जागा पूर्ण चाकाने घेतली, पण आपल्याकडे नाव तेच राहिले. यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिली स्टेपनीसुद्धा कायमचा इलाज नव्हती. रस्त्यात अडकू नये, एवढेच तिचे काम होते. आजचा रन-फ्लॅट टायर नेमके तेच वचन देतो.

हा टायर चालतो कसा? साध्या टायरमध्ये गाडीचे वजन हवा पेलते. हवा गेली की टायरच्या बाजू दुमडतात, रिम रस्त्याला लागते. रन-फ्लॅटच्या बाजू आतून जाड, कडक रबराने मजबूत केलेल्या असतात. हवा गेली तरी काही काळ त्या वजन उचलतात. कंपन्या साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत वेग ठेवून सुमारे ८० किलोमीटर जाण्याची हमी देतात. गाडीत माणसे आणि सामान गच्च भरलेले असेल तर हे अंतर कमी होते. पिंपळवंडीहून पुणे साधारण ८०-८५ किलोमीटर. म्हणजे रन-फ्लॅटवर पुणे गाठण्याची खात्री नाही, पण आळेफाटा, नारायणगाव, मंचर आरामात गाठता येते.

याची दुसरी बाजूही आहे. हवा गेल्याचे चालकाला हाताला जाणवत नाही, म्हणून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे. ती नसेल तर रन-फ्लॅट टायर बसवू नयेत. कडक बाजूंमुळे खड्ड्यांचे हादरे जास्त बसतात. टायर महाग पडतो. आणि हवेशिवाय पळवलेला रन-फ्लॅट बहुतेक कंपन्या दुरुस्त करू नका, बदला असेच सांगतात, कारण आतले रबर उष्णतेने खराब झालेले बाहेरून दिसत नाही. साध्या ट्यूबलेस टायरला पंक्चरवाला रबराची दोरी खुपसून थोड्या पैशांत रस्त्याला लावतो. रन-फ्लॅटला मात्र त्याच मापाचा नवा टायर हवा, आणि तो गावच्या दुकानात लगेच मिळेलच असे नाही.

मग स्टेपनी नसलेली गाडी कायद्यात बसते का? बसते. २०२० च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. चालकासह ९ जणांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक सक्तीचे राहिले नाही. त्यामुळे बॅटरीला किंवा सामानाला जागा मिळते, १२-१५ किलो वजनही वाचते. पण काही गाड्यांत ना रन-फ्लॅट असतो ना स्टेपनी, फक्त द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप. तो द्रव टायरच्या नक्षीत घुसलेल्या खिळ्याचे, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक बुजवतो. टायरची बाजू चिरली तर त्याचा काही उपयोग नाही. बाटलीवर मुदतही छापलेली असते. गाडी घेताना या तिन्हींतले आपल्याला नक्की काय मिळते आहे, ते विचारून घ्या.

आता आपल्या रस्त्यांवर या. पहिला रस्ता पुणे-नाशिक महामार्ग. चाळकवाडीच्या टोलनाक्याच्या आसपास वाहने सुसाट असतात. रात्री कडेला गाडी उभी करून गुडघ्यावर बसून चाक बदलणाऱ्याला सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या ट्रकचा. इथे रन-फ्लॅटचा फायदा निर्विवाद आहे. थांबायचेच नाही, उजेडाच्या ठिकाणी जाऊनच थांबायचे.

दुसरा रस्ता माळशेज घाटाचा, आळेफाटा, ओतूर, मढ करत कल्याणकडे जाणारा. घाटात धुके, पाऊस, दरडी. तिथे पंक्चरवाला शोधत बसण्यापेक्षा गाडी चालती असलेली बरी. पण घाट उतरल्यावरही कल्याण बरेच लांब आहे, आणि गाडीत सहा माणसे आणि आंब्याच्या पेट्या असतील तर त्या ८० किलोमीटरवर विसंबून राहता येत नाही. तिथे पूर्ण मापाची स्टेपनी असलेला निश्चिंतपणे घरी पोचतो.

तिसरा रस्ता आपला रोजचा, महामार्ग सोडून मळ्याकडे, वस्तीकडे जाणारा. दोन्हीकडे ऊस. जुन्नर तालुक्यात उसातल्या बिबट्याबद्दल कुणाला सांगायला नको. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. अंधारात एकटे फिरू नका, वाकून बसू नका, हे वनविभागाचे लोक गावोगाव सांगतात. चाक बदलणे म्हणजे नेमके वाकून बसणे. पण याच रस्त्यावर दगडाच्या धारेने टायरची बाजू चिरते. मोठ्या चिरेपुढे द्रवाची बाटली हात टेकते आणि रन-फ्लॅटचीही खात्री राहत नाही.

म्हणजे रन-फ्लॅट आपल्याला धोक्याच्या जागेतून बाहेर काढतो, आणि स्टेपनी आपल्याला घरापर्यंत नेते. रात्री महामार्गावर एकट्याने ये-जा करणारी नोकरदार मुलगी किंवा मुलगा असेल आणि कंपनीनेच रन-फ्लॅट दिले असतील, तर ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र शेतरस्ता, घाट आणि भरलेली गाडी हा ज्यांचा संसार आहे, त्यांनी स्टेपनी असलेलीच गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉल्वला बसवायची दाब दाखवणारी छोटी यंत्रणा बाजारात वेगळी मिळते. ती आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप जवळ असला, तर हळूहळू उतरणारी हवा वेळीच कळते आणि निम्मी पंक्चरे रस्त्यात अडवत नाहीत.

मात्र स्टेपनी असणे आणि ती कामाची असणे यांत फरक आहे. किती घरांत तिची हवा तपासली जाते? चार टायरांत हवा भरून घेतो आणि पाचव्याला विसरतो. गरज पडते तेव्हा तिच्यात १० पौंड हवा उरलेली असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. न वापरलेले रबरही वयाने तडकते. जॅक आणि पाना गाडीतच आहेत ना, की मळ्यातल्या ट्रॅक्टरसाठी काढून नेले, तेही बघा.

आणि भगिनींनो, ही तपासणी फक्त घरातल्या पुरुषांची नाही. आज आपल्या मुली कॉलेजला, दवाखान्याला, लग्नाला स्वतः गाडी चालवत जातात. लायसन्स काढले पण चाक बदलायला कुणी शिकवले नाही, तर त्या मुलीची स्टेपनी म्हणजे नुसते ओझे. एखाद्या रविवारी अंगणात गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लावा. जमीन मऊ असेल तर जॅकखाली फळी ठेवा. गाडी उचलण्याआधी नट सैल करा, उचलल्यावर काढा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि गाडी खाली उतरवून पुन्हा घट्ट करा. अम्मीपासून धाकट्या मुलीपर्यंत सगळ्यांनी एकदा हाताने करून बघा.

शेवटी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रात्री निर्जन जागी हवा गेली आणि साधा टायर असला, तरी तिथेच उतरू नका. इशाऱ्याचे दिवे लावा आणि अगदी हळू गाडी पुढे घ्या, पेट्रोल पंप, टोलनाका किंवा एखादी वस्ती येईपर्यंत. टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. त्यांची भरपाई होते. गाडीतल्या माणसांची होत नाही.