जीएसटी उतरला, पण पिकअपचा टायर वर्षभरात 'गोटा' का होतोय? गंगाखेडच्या रस्त्यावरचं गणित

22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मालवाहू गाड्यांवरचा करही तेवढाच उतरला. 'गाडीवाल्यांची दिवाळी' अशा पोस्ट तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरल्या. पण परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावात एमएच 22 नंबरची पिकअप चालवून घर चालवणाऱ्या माणसाला टायरच्या किमतीपेक्षा वेगळाच प्रश्न छळतो. टायर टिकतच नाही. नवा जोड टाकला, वर्ष सरायच्या आत नक्षी गायब, टायर पार गोटा.

कंपनीकडे गेलं तर वॉरंटी मिळत नाही, कारण ती टायर बनवताना राहिलेल्या दोषासाठी असते. जास्त वजन, कमी हवा, वाकडं चाक यामुळे झालेली झीज त्यात बसत नाही. मग चालक म्हणतो टायरच खराब, दुकानदार म्हणतो गाडीच खराब, आणि रस्त्याला तर सगळेच शिव्या देतात. यातलं खरं काय?

आधी पैशांचा हिशोब पाहू. समजा, जुन्या कराच्या काळात एक टायर 9 हजारांना पडत होता. कर उतरल्यावर तोच साधारण 8,300 रुपयांना पडेल. चार टायरमागे वाचले 2,800 रुपये. आता समजा, हा संच नीट वापरला तर 45 हजार किलोमीटर जातो, पण गाडीवाल्याच्या हातात 20 हजारांतच संपतो. म्हणजे 45 हजार किलोमीटरसाठी 33,200 रुपयांऐवजी जवळपास 74,700 रुपये गेले. जादा खर्च 41,500 रुपयांचा. करकपातीनं वाचलेले 2,800 त्यापुढे काहीच नाहीत. टायरची किंमत आणि टिकाऊपणा कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे ज्यानं त्यानं आपले आकडे घालून पाहावेत. पण फरक याच मापाचा निघतो.

पिकअपच का?

2005 मध्ये टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती' आला आणि गावोगावच्या तरुणांना मालवाहतुकीचा धंदा परवडू लागला. त्याच्या वरच्या वजनात बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त, टाटा योद्धा या गाड्या आहेत. 3 टनांपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालगाडीला वेगळा परवाना लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 6 नोव्हेंबर 2024 रोजी हेही स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. थोडक्यात, डाउन पेमेंटपुरते पैसे जमले आणि हातात लायसन्स असलं की धंदा सुरू.

या गाड्या आता 'हेवी ड्यूटी' म्हणून विकल्या जातात. बोलेरो मॅक्स पिकअपच्या नावातच 1.3, 1.7, 2.0 असे आकडे आहेत, तेवढे टन माल नेण्याची तिची क्षमता. पण मागे चाकं दोनच. ट्रकला मागे जोडचाकं असतात, वजन चार टायरवर वाटलं जातं. पिकअपमध्ये हौद्यातल्या मालाचा मोठा भाग फक्त दोन टायरवर येतो. पासिंगपेक्षा एक टन जादा भरला तर मागच्या प्रत्येक टायरवर चार-पाच क्विंटलचा बोजा वाढू शकतो.

टायर किती वजन पेलू शकतो ते त्याच्यावरच छापलेलं असतं. आकाराच्या पुढे एक आकडा असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. 113 असेल तर 1,150 किलो, 118 असेल तर 1,320 किलो, आणि तेही हवा पूर्ण असताना. बरेच जण टायर घेताना ब्रँड आणि नक्षी पाहतात, हा आकडा पाहत नाहीत. स्वस्तात मिळाला म्हणून कमी लोड इंडेक्सचा टायर मागे चढवला, तर तो पहिल्या दिवसापासूनच तोट्यात चालतो.

हवेचा घोळ

लोडखाली टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुढे गेला की पुन्हा सरळ होतो. मिनिटाला शेकडो वेळा हे घडतं. वजन जास्त किंवा हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, जास्त तापतो. तापलेलं रबर मऊ पडतं आणि लवकर घासतं. आतले थर सुटायला लागतात ते वेगळंच.

त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42-44 अंशांवर जाणं नवीन नाही, आणि डांबर हवेपेक्षाही जास्त तापलेलं असतं. इथे एक चूक सर्रास होते. सकाळी 20 अंशांत 60 पीएसआय हवा भरली आणि चालून चालून टायरमधली हवा 50 अंशांवर गेली, तर दाब आपोआप 67-68 च्या आसपास दिसतो. हे भौतिकशास्त्राचं साधं गणित आहे, टायर बनवणाऱ्यांनी ते धरलेलंच असतं. पण दुपारी पंक्चरच्या दुकानात मीटरवर 68 पाहून चालक घाबरतो आणि 'फुटेल' म्हणून हवा सोडतो. संध्याकाळी टायर थंड झाला की दाब 60 च्या खाली. दुसऱ्या दिवशी त्याच हवेवर सोयाबीनची पोती भरून गाडी निघते. फुटायच्या भीतीनं सोडलेली हवाच टायर फुटण्याच्या जवळ नेते. हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघण्याआधी तपासायची असते, ती याचसाठी.

टायर वाचता येतो

झिजलेला टायर बदलून गोडाऊनच्या कोपऱ्यात टाकण्याआधी दोन मिनिटं नीट पाहिला, तर पुढचा टायर वाचू शकतो. दोन्ही कडा घासल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं. मधला पट्टा गेला आणि कडा चांगल्या असतील, तर हवा जास्त होती. भरलेल्या गाडीसाठी फुल हवा मारायची आणि परतीला रिकामी गाडी पळवायची, असं रोज चाललं तर मागच्या टायरचं असं होतं.

पुढच्या टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर संशय अलाइनमेंटवर. नक्षीवरून तळहात फिरवून पाहावा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट बाजूनं करवतीच्या दातांसारखं लागलं, तर चाक सरळ धावत नाही, आडवं ओढलं जातंय. चाक फक्त पाव अंश वाकडं असेल तरी दर किलोमीटरला ते चार मीटरहून जास्त आडवं घासतं. 20 हजार किलोमीटरमध्ये हे आडवं घासणं जवळपास 87 किलोमीटर भरतं. पाव अंश डोळ्याला दिसत नाही, स्टेअरिंगलाही बहुधा जाणवत नाही. टायरला मात्र जाणवतो.

टायरवर ठरावीक अंतरानं खड्डे-उंचवटे दिसत असतील, तर शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. इथे जादा पाट्याचा मुद्दा येतो. ओव्हरलोडला गाडी बसू नये म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवून घ्यायची पद्धत सगळीकडे आहे. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, पण टायरची क्षमता तेवढीच राहते. रिकामी असताना तीच गाडी दगडासारखी कडक होते, मागचं चाक उड्या मारत चालतं आणि टायर ठिगळाठिगळांनी झिजतो. पाटे न वाढवता ओव्हरलोड केला तर मागचा भाग बसतो, नाक वर उचलतं आणि पुढच्या चाकांचे कोन बदलतात. दोन्हीकडून टायरच जातो.

रस्ता कोण फोडतं?

गंगाखेड गोदावरीच्या काठावर आहे. तालुक्याच्या मोठ्या भागात काळी कापसाची जमीन. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता पाया पक्का नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत लाटा खातो. दक्षिणेला राणीसावरगावकडे बालाघाटचा डोंगराळ भाग, तिथे वळणं आणि चढ-उतार, म्हणजे पुढच्या टायरची आणखी परीक्षा. परभणी-गंगाखेड हा सुमारे 40 किलोमीटरचा मुख्य रस्ता तर कित्येक वर्षं रखडला होता. त्या काळात या रस्त्यावर गाडी चालवलेल्यांना टायरचा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण हा रस्ता फोडला कुणी? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरला जातो: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सोळापट होतं. या हिशोबानं मागच्या एक्सलवर 2 टन घेऊन जाणाऱ्या पिकअपच्या तुलनेत 10 टनांचा एक्सल रस्त्याचं सुमारे 625 पट नुकसान करतो. गंगाखेड परिसरात साखर कारखाना आहे, हंगामात उसाच्या गाड्या आहेत, गोदावरीच्या वाळूचे हायवा आहेत. रस्ता मोडण्यात पिकअपचा वाटा जवळपास शून्य. मोडलेल्या रस्त्याचं बिल मात्र तिच्या छोट्या चाकांना जास्त बसतं, कारण ज्या खड्ड्यावरून ट्रकचं मोठं चाक सरकून जातं, त्यात 15 इंची चाक आदळतं. त्या एका दणक्यात टाय रॉड हलतो आणि वरचा तो पाव अंश तयार होतो.

मग कमी माल का भरत नाहीत?

'ओव्हरलोड करू नका' हा सल्ला आरटीओच्या फलकापासून टायर कंपनीच्या पुस्तिकेपर्यंत सगळीकडे असतो. तो पाळला जात नाही, याचं कारण भाड्याच्या पद्धतीत आहे. क्विंटलवर भाडं असेल तर जादा टनाचे पैसे त्याच दिवशी हातात येतात. टायरचं बिल सहा महिन्यांनी येतं. बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा हप्ता मात्र दर महिन्याला. वरच्याच आकड्यांनी पाहिलं तर लवकर झिजलेल्या टायरचा जादा खर्च किलोमीटरमागे 90 पैशांच्या आसपास बसतो, म्हणजे 40 किलोमीटरच्या खेपेला 35-40 रुपये. एका टनाचं भाडं त्याहून जास्तच मिळतं. एका खेपेपुरतं पाहिलं तर चालकाचा निर्णय चुकीचा नाही, हे मान्य करायला हवं. पाटे, क्लच, डिझेल आणि दंड धरला की हिशोब उलटतो.

भाडं खेपेवर ठरलं असेल तर मात्र उघड अन्याय होतो. मोंढ्यातून 'गाडी भरून' नेण्याचे ठरलेले पैसे मिळतात, मग आडत्याने दहा पोती जास्त टाकली तरी भाडं तेच. फायदा माल पाठवणाऱ्याचा आणि झीज गाडीवाल्याची. नाही म्हटलं तर मागे दुसरी पिकअप उभीच असते. कायद्याचा दट्ट्याही आधी गाडीवर येतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 194 नुसार ओव्हरलोडला 20 हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2 हजार असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. माल भरायला लावणाऱ्यावरही कारवाईची तरतूद याच कलमात आहे, पण रस्त्यावर अडवली जाते ती गाडी आणि समोर सापडतो तो चालक.

गोटा टायरवर कोण बसतं?

नियमानं चारचाकी आणि त्यावरच्या वाहनांच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी लागते. हे मोजायला यंत्र लागत नाही. नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक जागी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर कायद्यानंही संपला. टायरच्या बाजूला चार आकडी तारीखही असते: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. सेकंडहँड टायर घेताना ती पाहायलाच हवी.

समृद्धी महामार्गावर अपघात वाढल्यावर 2023 मध्ये आरटीओनं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परतवल्या. गंगाखेड, पालम, सोनपेठच्या आतल्या रस्त्यांवर असं नाकं नाही. आणि याच तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप, जे मिळेल त्यात संसार भरला जातो आणि त्या सामानावर बायका-मुलं बसतात. मालगाडीतून अशी माणसं नेणं बेकायदा आहे, हे मुकादमालाही माहीत असतं आणि चालकालाही. वजनकाट्यावर ही गाडी बहुतेकदा ओव्हरलोड ठरणारही नाही, कारण माणसं पोत्यांपेक्षा हलकी असतात. पण तिच्या खाली तेच टायर असतात, जे वर्षभर मोंढ्यातल्या जादा पोत्यांनी घासलेले असतात. तेव्हा निघण्याआधी मुकादमानं भाड्याबरोबर मागच्या दोन चाकांची नक्षीही पाहिली, तर त्याला फक्त खाली वाकावं लागेल.