भिडू थांबला आणि मी ऐकलं

शहाडमध्ये कुणी ‘ब्रिजमुळे उशीर झाला’ म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुरबाड रस्त्यावरचा उड्डाणपूल आणि त्यावर खोळंबलेली वाहनं उभी राहतात. आमच्या घरी त्या वाक्याचा अर्थ निराळा होता. दर शनिवारी मला उशीर व्हायचा तो पत्त्यांच्या ब्रिजमुळे. सौ.ला या दोन ब्रिजमध्ये फारसा फरक वाटत नसे. माणूस अडकला की अडकलाच!

पत्ते मी खरे शिकलो कसारा लोकलमध्ये. मांडीवर ब्रीफकेस, तिच्यावर वर्तमानपत्र आणि खेळ मेंढीकोट. समोरासमोर बसलेले भिडू आणि त्यांच्या खुणा. कान खाजवला की हुकमाचा एक्का, घसा खाकरला की ‘किलवर उतर’. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नसे. समोरच्यांच्या खुणा ओळखणं हा खेळाचाच भाग. एकदा एका गृहस्थांना खरोखरच खोकला झाला होता, तर त्यांच्या भिडूने तीन वेळा चुकीचं पान टाकलं आणि ठाण्यापर्यंत दोघांत अबोला! आता डब्यात पत्त्यांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात.

ही सवय घेऊन मी आमच्या वसाहतीतल्या क्लबात ब्रिजच्या टेबलाशी बसलो. भिडू मिळाले ते निवृत्त गणित शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणत. पहिल्याच दिवशी मी ‘एक नोट्रम्प’ जरा पडेल आवाजात म्हटलं, तर सर म्हणाले, “बोली बोल, रडगाणं गाऊ नकोस. तुझा आवाज मला ऐकायचा नाही.”

ब्रिजची गंमत इथेच आहे. भिडूशी बोलायचं, पण केवळ बोलीतून आणि टाकलेल्या पानांतून. ‘डबल’ हा शब्द ठणकावून म्हटला तर एक अर्थ आणि पुटपुटला तर दुसरा, असं चालत नाही. म्हणून स्पर्धांतून तोंडी बोली गेली आणि बोलीची छापील कार्डं आली. एखाद्याने एकदम वरची उडी मारली, तर पुढच्याने विचार करायचा असो वा नसो, सुमारे दहा सेकंद थांबायचं, म्हणजे थांबण्याला अर्थच उरत नाही. जागतिक स्पर्धेत १९७५ साली बर्म्युडाला भिडूंमध्ये चक्क तिरका पडदा उभा केला गेला. तर तिथे एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका आला आणि टेबलाखालीही आडोसा करावा लागला. त्याआधी दहा वर्षं, १९६५ साली ब्यूनस आयर्सला टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या नामांकित ब्रिटिश जोडीवर, पत्ते धरलेल्या बोटांवरून बदामाची पानं किती ते सांगितल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरलं, मायदेशातल्या चौकशीने निर्दोष सोडलं आणि ब्रिजवाल्यांचा तो वाद काही मिटला नाही.

पण हे झाले ठरवून केलेले उद्योग. त्यांचा निषेध करणं सोपं, कारण आपण ते करणार नसतो. मला छळते ती न ठरवता झालेली खूण. ब्रिजच्या कायद्याने तिचाही विचार केला आहे, आणि तो मला फार सूक्ष्म वाटतो. भिडू विचारात पडला तर त्याचा दोष नाही. विचार करायलाच तर तो बसला आहे. बंधन येतं ते ऐकणाऱ्यावर. त्या थांबण्यातून जे कळलं, त्याचा फायदा घ्यायचा नाही. जे कानावर पडलं ते पडलंच नाही असं वागायचं.

आपल्या घरांत बरोबर याच्या उलट चालतं. पाहुण्यांसमोर आईने नुसतं पाहिलं की तिसऱ्या लाडवाकडे गेलेला मुलाचा हात मागे येतो. ‘बघू या’ हे नवऱ्याने कोणत्या सुरात म्हटलं, यावरून साडी मिळणार की नाही ते बायकोला कळतं. न बोलता कळणं याला आपण संसार म्हणतो. म्हणून नवरा-बायकोंनी भिडू होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९२९ साली चार इस्पिकचा डाव बुडाल्यावरून भांडण पेटलं, आणि मर्टल बेनेट या बाईंनी नवऱ्याला गोळीच घातली. पुढे त्या निर्दोष सुटल्या. हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा सौ.ने ‘नवऱ्याने काय केलं होतं?’ एवढंच विचारलं. डाव बुडाला तो नवऱ्याच्या हातून. वर त्याने बाईंना चारचौघांत थोबाडीत मारली होती. पुढे मी विषय वाढवला नाही.

असो. आमच्या क्लबाची वार्षिक स्पर्धा होती. शेवटचा डाव. उजवीकडच्यांनी एक बदाम म्हटलं, मी एक इस्पिक, डावीकडच्यांनी तीन बदाम. पाळी सरांची. सर थांबले. पानं लावली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पानं पाहिली. मग म्हणाले, “पास.” उजवीकडचेही पास. माझी पानं बेताची होती; कुणीही मुकाट्याने पास झाला असता. पण सरांच्या हातात काहीतरी आहे हे मला आता ठाऊक होतं. मी म्हणालो, “तीन इस्पिक.”

नऊ हात लागायचे होते, बरोबर नऊ झाले. खरं तर पंचाला बोलावता आलं असतं आणि त्याने डाव तीन बदामावर परत नेला असता. पण आमच्याकडे पंच कुठला? डावीकडचे आजोबा गुण लिहिताना मान वर न करता म्हणाले, “छान जमतं हं तुम्हा दोघांचं.”

बक्षीस म्हणून स्टीलचा ट्रे मिळाला. परत येताना सरांनी विचारलं, “मी थांबलो नसतो, तरी तू बोलला असतास?”

“हो,” मी म्हणालो.

सर काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारपासून मात्र प्रत्येक बोलीआधी, हातात काही असो वा नसो, ते मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजू लागले. त्यांचे ओठ किंचित हलत, म्हणून मला कळे. समोरचे कंटाळत, डाव रेंगाळत. शेवटची काही वर्षं हात थरथरायला लागल्यावरही ते मोजणं चुकलं नाही. मी त्यांना खरं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, असं आता वाटतं.

ट्रे अजून घरात आहे. पाहुणे आले की सौ. त्याच्यातूनच चहा आणते.