गच्चीवरचा तलाव आणि हीटरचे बिल

बर दुबईत, विशेषतः मनखूलच्या बाजूला, कितीतरी जुन्या इमारतींच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे. भाड्याच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख ठळक असतो. प्रत्यक्षात डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी इतके गार की मुले पाय बुडवून परत येतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इतके गरम की पोहल्यावर थकवाच यावा. आमच्या इमारतीत चौकशी केली तर एकच उत्तर मिळते, "हीटर बंद है साब, बिल बहुत आता है."

बिल फार येते हे खरेच आहे. मी वातानुकूलनाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे ही तक्रार मला पटते. त्यावरचा उपाय मात्र पटत नाही. हीटर बंद ठेवण्यापेक्षा तो काढून हीट पंप बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तलावाचा जुना विजेचा हीटर म्हणजे आपण गावी बादलीत सोडायचो त्या कॉइलचा थोरला भाऊ. एक युनिट वीज घेतो, एक युनिट उष्णता देतो. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली गोळा करून पाण्यात सोडतो; उलटा लावलेला एसीच म्हणा. एका युनिट विजेत तो चार ते पाच युनिट उष्णता देतो. युरोपातल्या गोठलेल्या हवेत या यंत्राला धाप लागते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही हवा साधारण १४-१५ अंश असते, म्हणजे दुबई ही त्याला जवळजवळ आदर्श जागा. शिवाय उलटसुलट चालणारे यंत्र घेतले तर उन्हाळ्यात तेच पाणी थंड करते. हीटरला ते या जन्मी जमणार नाही.

आता हिशेब पाहू. समजा तलाव २० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे. पाणी झाले २ लाख लिटर. ते एक अंशाने तापवायला सुमारे २३३ युनिट उष्णता लागते. हिवाळ्यात रोज एक अंश कमी होतो असे धरले आणि विजेचा सर्वात वरचा, ३८ फिल्सचा दर लावला, तर हीटरचा खर्च महिन्याला सुमारे २,६५० दिरहम. हीट पंपाची चारपटच धरली तरी तो ६६० वर येतो. इंधन अधिभार व व्हॅट वेगळे. साठ बिऱ्हाडांत वाटले तर दरमहा ४४ ऐवजी ११ दिरहम!

रात्री तलावावर आच्छादन घातले तर हा आकडाही खाली येतो, कारण सर्वात जास्त उष्णता बाष्पीभवनाने जाते. हे काम यंत्र येण्याची वाट न पाहता आजही करता येईल. (उन्हाळ्यात मात्र आच्छादन नको, पाणी आणखी तापेल.)

एवढा खटाटोप कशासाठी, असे काहीजण विचारतील. आपले आई-वडील भारतातून येतात ते बहुधा हिवाळ्यातच. गुडघेदुखीच्या माणसाला कोमट पाण्यात चालणे सोसते, कारण शरीराचा भार पाणी उचलते. गार पाण्यात मात्र स्नायू आखडतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. मुलांचेही तेच. नोव्हेंबरमध्ये शिकायला सुरुवात केलेले मूल तीन महिने पाण्यात उतरले नाही तर मार्चमध्ये पुन्हा पहिला धडा. हमदान क्रीडा संकुलात २०१० साली जागतिक जलतरण स्पर्धा झाली, उत्तम जागा आहे. पण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर रोज तिथवर कोण जाणार?

वीज महागल्यावर तलावच बंद होतात, हे ब्रिटनने अनुभवले आहे. तिथल्या सरकारने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात इंग्लंडच्या सार्वजनिक तलावांसाठी ६ कोटी ३० लाख पौंड ठेवले, त्यातला मोठा भाग वीज वाचवणाऱ्या सुधारणांसाठी होता. इथे दुबईत जुन्या इमारतींच्या अशाच सुधारणांसाठी २०१३ साली ‘एतिहाद एस्को’ स्थापन झाली. बचतीतून खर्च फेडायचा, हे त्यामागचे सूत्र.

मालक म्हणेल, खर्च माझा आणि पोहणार तुम्ही. दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडे कायद्यात, करारात वेगळे ठरले नसेल तर, भाड्यातच तलाव, व्यायामशाळा, पार्किंग अशा सोयींचा वापर धरलेला आहे. म्हणजे तलावाचे पैसे आपण आधीच मोजतो आहोत. तेव्हा आपापला करार नीट वाचा. कराराच्या अटी बदलायच्या तर मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावे लागते. बोलणी त्यापूर्वीच काढावीत, तीही एकट्याने नव्हे. मजल्यामजल्यावर सह्या घ्या, मल्याळी आणि गुजराती शेजाऱ्यांनाही सामील करा, सोबत तीन कंत्राटदारांचे भाव जोडा. भांडणापेक्षा हिशेबाचा कागद मालकाला लवकर समजतो.

असा कागद मी कुणालाही विनामूल्य करून देईन. तलावाची लांबी, रुंदी आणि खोली तेवढी कळवावी. खोली दोन्ही टोकांची मोजा.