विहिरीपाठोपाठ गाडीही पाहा

गावात मूल दिसेनासं झालं की माणसं आधी विहिरीकडे धावतात. ते बरोबरच आहे. पण माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातही आता घरांपुढे चारचाकी उभ्या असतात, आणि त्यांत डोकावून पाहायचं चटकन कुणाला सुचत नाही.

जून २०२३ मध्ये नागपुरात शनिवारी दुपारी खेळायला गेलेली तीन लहान मुलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडली, घराजवळच्याच एका बंद गाडीत, मृतावस्थेत. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात ५ आणि ७ वर्षांची भावंडं अशीच एका बेवारस गाडीत गेली.

अमेरिकेत अशा निम्म्याहून अधिक मृत्यूंत मोठी माणसं मुलाला गाडीत विसरलेली असतात, म्हणून तिथं आठवण करून देणाऱ्या यंत्रांची चर्चा चालते. नागपूर-मुंबईतली मुलं खेळता खेळता स्वतःच आत शिरली होती. अशा वेळी ती महागडी यंत्रं काय कामाची? इथं गाडीला कुलूप हवं. ‘गावात कोण चोरतंय’ म्हणत दार नुसतं लोटून ठेवण्याची सवय मोडायला हवी.

काचेतून आलेल्या उन्हानं सीट, डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता आतच कोंडते. ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकातल्या २००५ च्या अभ्यासात उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसनं चढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. काच बोटभर खाली ठेवून काही साधलं नाही. बीडच्या मे महिन्यात तर बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो. त्यात लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं.

मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडत नाही. पुढच्या सीटवर येऊन हॉर्न दाबत राहायचं, हे मुलांना शिकवता येतं. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावीविना वाजतो. मात्र बॅटरी काढलेल्या भंगार गाडीचा वाजणार नाही. म्हणून गॅरेजमागे, रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडलेली वाहनं ग्रामपंचायतीनं हलवायला लावावीत, तोवर त्यांची दारं पक्की बंद करून घ्यावीत.

मूल सापडलं आणि अंग तापलेलं असेल, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हे चालू असतानाच कुणीतरी १०८ ला फोन लावावा.